डाव्या पायाखालचे पाणी : एका छोट्या गाडीच्या दुरुस्तीच्या नोंदी (माशेल, जून ते सप्टेंबर २०२५)

गाडी २०१८ सालची, १.२ लिटर पेट्रोल इंजिनाची, चार मीटरच्या आतली हॅचबॅक आहे आणि या नोंदी सुरू करताना तिचे ७१,००० किलोमीटर पूर्ण झाले होते. रोजचा मार्ग माशेल ते पणजी, बाणस्तारी आणि जुने गोवे यांवरून, जाऊन-येऊन सुमारे ३६ किलोमीटरचा. रात्री गाडी घरासमोरच्या उतारावर, मानकुराद आंब्याखाली उभी असते. हा उतार आणि हा आंबा या दोन्ही गोष्टी पुढे महत्त्वाच्या ठरल्या, म्हणून त्यांचा उल्लेख आधीच करून ठेवतो. पावसाळ्यात सरासरी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या गोव्यात गाडीत पाणी शिरल्याची तक्रार घरोघरी ऐकू येते. तिच्यावर मिळणारा सल्ला मात्र बहुधा ‘सील मारून घ्या’ एवढाच असतो. ज्यांना हे काम स्वतः करायचे आहे त्यांना उपयोग व्हावा म्हणून काय चुकले, किती खर्च झाला आणि किती दिवस वाया गेले हे सर्व लिहून ठेवले आहे.

३ जून, मंगळवार

यंदा मान्सून केरळात २४ मे रोजीच दाखल झाला आणि पाठोपाठ आपल्याकडेही आला, त्यामुळे गाडीची पावसाळ्यापूर्वीची कामे करायला वेळ मिळाला नाही. आठवडाभर गाडीचे दार उघडले की ओल्या गोणपाटासारखा वास येत होता. आज पुढच्या डाव्या सीटसमोरची रबरी मॅट उचलली. खालचे कार्पेट वरून कोरडे दिसत होते, पण अंगठ्याने दाबताच बोटाभोवती पाण्याचे कडे उमटले आणि बोट उचलल्याबरोबर ते पुन्हा आत मुरले. कार्पेटखाली जाड फेल्ट असते आणि ते स्पंजासारखे पाणी धरून ठेवते, त्यामुळे वरून हात फिरवून ओल कळत नाही. दाबूनच पाहावे लागते.

पहिला प्रश्न होता की हे पाणी नेमके कोणते. डॅशबोर्डच्या आत हीटरचा छोटा रेडिएटर असतो. तो गळू लागला तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) याच ठिकाणी उतरते आणि ते प्रकरण गंभीर असते. पांढरा टिश्यू पेपर कार्पेटवर दाबून पाहिला. कूलंट असते तर कागदाला रंग आला असता, बोटांना चिकटपणा आणि नाकाला गोडसर वास जाणवला असता. यांपैकी काहीच आढळले नाही. बॉनेटखालच्या बाटलीतील कूलंटची पातळीही जागेवर होती. म्हणजे पाणी साधे होते. ते एसीचे असेल किंवा पावसाचे.

८ जून, रविवार

एसीपासून सुरुवात केली, कारण त्याला खर्च नव्हता. एसी चालू असताना हवेतील बाष्प इव्हॅपोरेटरवर (एसीच्या आतल्या थंड जाळीवर) जमते आणि ते पाणी एका रबरी नळीतून इंजिनाच्या बाजूला, गाडीखाली ठिबकते. आपल्याकडच्या दमट हवेत अर्ध्या तासात गाडीखाली थारोळे दिसायला हवे. एसी चालू ठेवून गाडी ४० मिनिटे उभी केली, पण खालची जमीन कोरडीच राहिली.

नळीचे तोंड गाडीखालून, आगभिंतीच्या (इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्याच्या) डाव्या बाजूला सापडले. त्यातून लवचिक प्लास्टिकची दोरी हलक्या हाताने आत सरकवली. तार वापरू नये, कारण नळी फाटू शकते आणि आतला भाग दुखावू शकतो. दोरी दीडएक वीत आत गेल्यावर लाल मातीचा आणि बुरशीचा बुळबुळीत गोळा निघाला आणि मागोमाग पाणी धो-धो वाहू लागले. बादलीत पाऊण लिटरच्या आसपास भरले.

कारण सापडले असे वाटून मी तेथेच थांबलो. कार्पेटवर वर्तमानपत्रे अंथरली, दोन दिवस पंखा लावला आणि काम संपले असे समजलो. हीच या सर्व कामातील सर्वांत महागडी चूक ठरली. नळी खरोखरच तुंबलेली होती आणि ती मोकळी करणे आवश्यकच होते, पण पाणी येण्याची वाट तेवढी एकच आहे असे मानायला माझ्याकडे काहीही आधार नव्हता. त्याच दिवशी कार्पेट उचलून तळ कोरडा करून पाहिला असता, तर पुढचे पाच आठवडे वाचले असते.

१९ जून, गुरुवार

पुन्हा पाणी आले. या वेळी एसी तीन दिवस बंद होता आणि पाऊस मात्र सतत चालू होता, म्हणजे हे पाणी पावसाचे हे नक्की झाले.

गाडी एका वर्कशॉपमध्ये दाखवली. तेथे पाच मिनिटांत ‘पुढच्या काचेचे सील गेले आहे’ असे सांगण्यात आले. काच काढून नव्याने बसवायची नाही, फक्त कडेने सीलंट भरायचे, असे ठरले. मी होकार दिला. खर्च २,८०० रुपये आला आणि गाडी दोन दिवस तेथेच राहिली. पाणी टाकून काचेची तपासणी केली का, असे मी विचारायला हवे होते. ते मी विचारले नाही आणि त्यांनीही केली नाही.

२९ जून, रविवार

गुरुवारपासून शनिवारपर्यंत पाऊस कोसळत होता. आज सकाळी अंगठा दाबला आणि पुन्हा तेच कडे उमटले.

यापुढे अंदाजाने काहीही करायचे नाही असे ठरवले. आधी संपूर्ण तळ उघडा करून कोरडा करायचा आणि मग एकेक जागा पाण्याने तपासायची. बॅटरीचे ऋण टोक १० च्या पान्याने सोडवले आणि दहा मिनिटे थांबलो. वरच्या श्रेणीचे मॉडेल असल्याने सीटच्या कुशीत साइड एअरबॅग आहे आणि सीटखाली तिची पिवळी जोडणी आहे. बॅटरी सोडवून पुरेसा वेळ थांबल्याशिवाय त्या पिवळ्या जोडणीला हात लावू नये. सीटचे चार बोल्ट काढले, उंबरठ्यावरची प्लास्टिकची पट्टी उचकटली आणि कार्पेट मागे दुमडले. शेजारच्या वॉशिंग सेंटरमधून पाणी ओढणारा व्हॅक्युम ३०० रुपये देऊन दिवसभरासाठी आणला होता. त्याच्या टाकीत साडेतीन लिटर पाणी जमले आणि तरीही फेल्ट पिळले की पाणी निघतच होते. आठवडाभर माझी आई याच जागी पाय ठेवून बसत होती, हे लक्षात आले तेव्हा फार वाईट वाटले.

आज दोन चुका झाल्या. पहिली अशी की संध्याकाळी एकाएकी सर आली आणि मागच्या काचा उघड्या होत्या. त्या चढवण्यासाठी मी घाईने बॅटरी जोडून चावी फिरवली. सीटची जोडणी सुटलेली असल्याने एअरबॅगचा दिवा लागला आणि सीट परत जोडल्यावरही तो विझेना. दुसरी चूक म्हणजे ऊन नसल्यामुळे फेल्ट न्हाणीघरातील चुलीशेजारी वाळत टाकले. चार दिवसांत ते खडखडीत वाळले खरे, पण त्यात धुराचा असा वास भरला की ते पुन्हा गाडीत घालणे शक्यच नव्हते.

२ जुलै, बुधवार

सीट जागेवर बसवली. गाड्यांचे विजेचे काम करणाऱ्या एका कारागिराकडे स्कॅनर लावून एअरबॅगचा दिवा घालवला. ६०० रुपये आणि अर्ध्या दिवसाची रजा गेली. यापुढे कार्पेट न घालता, उघड्या पत्र्यावरच गाडी चालवायची. आवाज फार येतो, पण पाण्याचा थेंब आला की तो लगेच दिसतो. ज्यांना हे काम करायचे आहे त्यांनी काचा आधी चढवून घ्याव्यात आणि मगच बॅटरी सोडवावी.

५ जुलै, शनिवार

बॉनेट आणि पुढची काच यांच्यामध्ये, वायपरखाली, प्लास्टिकची जाळी असते. काचेवरून ओघळणारे पाणी तिच्यातून खालच्या पन्हळीत पडते आणि दोन्ही टोकांनी बाहेर जाते. एसीच्या पंख्याला बाहेरची हवाही येथूनच मिळते. पन्हळ तुंबून भरली तर पाणी पंख्याच्या तोंडातून थेट डॅशबोर्डखाली उतरते.

वायपरचे दांडे काढून जाळी उचलली. आत आंब्याची पाने थोडीच होती; जाळीची भोके बारीक असल्याने पान आत जात नाही. खरा कचरा मोहोराचा होता. जानेवारी-फेब्रुवारीत झडलेला मोहोर चाळणीतून पडावा तसा जाळीतून आत जातो आणि वर धूळ बसून पावसात त्याचा काळा, घट्ट थर होतो. डाव्या टोकाला तीन बोटे जाडीचा असा थर होता आणि त्यात एक कोवळे रोपटे रुजले होते. पन्हळीचे डावे भोक जवळजवळ बंद होते. सर्व साफ केले. ग्लव्ह बॉक्स उतरवून केबिन फिल्टर काढला. तो काळाकुट्ट पण कोरडा होता, म्हणजे पन्हळीतले पाणी पंख्यापर्यंत पोहोचलेले नव्हते. एक शक्यता मिटली. फिल्टर बदलला, ३५० रुपये.

७ जुलै, सोमवार

आज माशेलच्या देवकीकृष्ण मंदिरासमोरचा चिखलकाला, म्हणजे चिखलात खेळण्याचा उत्सव. दरवर्षी घरातील आणि शेजारची मुले चिखलाने माखून माझ्याच गाडीतून विहिरीवर जातात. या वर्षी त्यांना चालत पाठवले, कारण तळ ओला झाला असता तर तपासणीची सारी घडी विस्कटली असती. शनिवार-रविवारी झालेल्या पावसाने डाव्या तळावर पुन्हा ओल आली होती, तेव्हा पन्हळ हेही कारण नव्हते. ओल उंबरठ्याच्या बाजूला जास्त आणि मध्यभागी कमी होती. ही खूण मी वहीत लिहून ठेवली, पण तिचा अर्थ तेव्हा लागला नाही.

१२ जुलै, शनिवार

वॉशिंग सेंटरच्या रॅम्पवर नळाच्या पाण्याने तपासणी केली. पत्र्यावर आधी टाल्कम पावडरचा पातळ थर भुरभुरला. कोरड्या पावडरीवर पाण्याची वाट ओल्या रेघेसारखी स्पष्ट उमटते आणि ती उलट दिशेने पाहत गेले की उगम सापडतो. पाणी नेहमी खालून वर टाकत जावे. छतापासून सुरुवात केली तर पाणी सगळीकडूनच ओघळते आणि काहीच कळत नाही. नळीला फवारा लावू नये. दाबाचे पाणी एरवी न गळणाऱ्या जागेतूनही आत शिरते. चाकाच्या कमानीवर दहा मिनिटे, दाराच्या खालच्या कडेवर दहा, दाराच्या काचेवर दहा, पुढच्या काचेवर दहा आणि शेवटी छतावर, अशी धार धरली. आतमध्ये पुतण्या टॉर्च घेऊन बसला होता.

दोन तासांत पावडरीवर एकही रेघ उमटली नाही.

१३ जुलै, रविवार

रात्री अंथरुणात विचार करताना लक्षात आले की रॅम्प सपाट होता आणि घराची जागा उताराची आहे. घरी गाडीचे नाक खाली आणि डावी बाजू थोडी अधिक खाली असते. सकाळी गाडी नेहमीच्या जागी उभी करून तीच तपासणी पुन्हा केली. दाराच्या काचेवर धार धरल्यानंतर सातव्या मिनिटाला पुतण्याने आतून हाक मारली, ‘काका, आलं!’ दाराच्या पुढच्या खालच्या कोपऱ्यात, उंबरठ्याच्या पट्टीखालून बारीक रेघ निघाली आणि पावडर कापत तळाच्या मधोमध गेली. पुढच्या काचेवर तर मी अजून पाणी टाकलेही नव्हते.

दुपारी गावातील मेस्तांना (कारागिरांना) बोलावले. त्यांनी दार दोन वेळा उघडून मिटले, कान लावला आणि एकच प्रश्न विचारला, ‘ह्या दाराची काच चढवणारी मोटर कधी बदलली होती का?’ २०२२ साली बदलली होती.

१९ जुलै, शनिवार

दाराचे पॅड काढले. हँडलच्या खोबणीत एक आणि आरशामागे एक असे दोन स्क्रू, बाकी सर्व क्लिपा. प्लास्टिकच्या उचकटण्यांचा संच ३०० रुपयांना घेतला होता. आधी स्क्रू ड्रायव्हरने प्रयत्न केला तेव्हा पॅडची कड दुखावली होती, म्हणून हा खर्च टाळू नये. १४ पैकी नऊ क्लिपा तुटल्या. नव्या १५ क्लिपांचे १८० रुपये झाले.

येथे रचना समजून घेणे आवश्यक आहे, कारण बहुतेक सील मारणारे तिकडे लक्षच देत नाहीत. दाराच्या काचेवरून ओघळणारे पाणी बाहेरच्या रबरपट्टीतून दाराच्या पोटात जातेच. गाडी बनवणाऱ्याने ते धरूनच चाललेले असते. दाराच्या तळाला भोके असतात आणि त्यांतून ते बाहेर पडते. ते केबिनच्या बाजूला येऊ नये म्हणून आतल्या पत्र्यावर, पॅडमागे, प्लास्टिकचा पडदा काळ्या चिकट ब्युटाइलने चिकटवलेला असतो. माझ्या गाडीत या पडद्याची खालची शेपटी पत्र्यातील दोन लांबट फटींतून दाराच्या पोटात सोडलेली असते, म्हणजे पडद्यावरून ओघळलेला थेंब पुन्हा दारातच पडतो.

मोटर बदलताना हा पडदा ब्लेडने कापला होता. कापलेली जागा खाकी पॅकिंग टेपने जोडली होती. टेपचा डिंक सुटून तिची गुंडाळी झाली होती आणि तिच्यावर पाण्याचे वाळलेले लालसर डाग एकावर एक पडलेले होते. शेपटी फटींत न सोडता बाहेरच चिकटवली होती. त्यामुळे कापलेल्या जागेतून बाहेर येणारे पाणी पॅडमागून थेट उंबरठ्यावर उतरत होते. त्यात दाराच्या तळाचे पुढचे भोक लाल चिखलाने पूर्ण बंद होते. सपाट जागी पाणी मागच्या भोकातून निघून जाई, पण उतारावर ते पुढच्या कोपऱ्यात साचून कापलेल्या जागेपर्यंत चढत असे. रॅम्पवर काही दिसले नाही त्याचे कारण हेच. ब्रेक लावल्यावर या दारातून खळखळ आवाज येत असे आणि तो दाराच्या कप्प्यातील पाण्याच्या बाटलीचा आहे असे मी दोन वर्षे समजत होतो. भोकात काडी घालताच पाऊण तांब्याभर तांबडे पाणी बाहेर आले.

२० जुलै, रविवार

पडदा दुरुस्त केला, पण चुकीच्या पद्धतीने. जुना डिंक रॉकेलने पुसला, त्यावर ब्युटाइल टेपचा ४२० रुपयांचा रोल वापरला आणि शेपटी फटींत सोडली. रॉकेल उडून जाताना मागे तेलकट पापुद्रा ठेवते, हे मला माहीत असायला हवे होते. बाहेर पाऊस होता आणि पत्राही गार व दमट होता.

२३ जुलै, बुधवार

टेप पुढच्या कोपऱ्यात सुटली. बोट घालून ओढले तर वीतभर पट्टी विनासायास हातात आली. पूर्ण रोल फुकट गेला.

२७ जुलै, रविवार

दुसरा रोल, आणखी ४२० रुपये. या वेळी पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलने तीन वेळा पुसला, प्रत्येक वेळी नवीन फडके घेऊन, शेवटचे फडके स्वच्छ निघेपर्यंत. मग केस वाळवण्याच्या यंत्राने पत्रा हाताला कोमट लागेपर्यंत गरम केला. कापलेल्या पडद्याला ठिगळ लावण्यापेक्षा १५० रुपयांच्या जाड प्लास्टिकचा नवा पडदा, जुन्याच्या मापाने कापून बसवला. मापासाठी जुना पडदा काढताना तो ताणू नये, नाहीतर माप वाढते. टेप चमच्याच्या पाठीने इंचाइंचावर दाबत नेली; तिचा रंग पडद्यातून सलग काळा दिसू लागला की ती बसली, मध्ये राखाडी ठिपका दिसला तर तेथे हवा आहे. वायर बाहेर येते त्या जागी टेपचा तुकडा मळून वायरीभोवती दोन्ही बाजूंनी दाबला. सर्वांत वेळखाऊ काम शेपटीचे आहे. ती फटीतून आत गेल्यावर वर वळून बसते, म्हणून टॉर्च लावून खालच्या भोकातून ती सरळ लोंबते आहे ना हे पाहावे.

पॅड न बसवता, उतारावरच, काचेवर २५ मिनिटे धार धरली. पडद्यावर पाणी वाजत होते, भोकांतून बाहेर धारा लागल्या होत्या आणि उंबरठा कोरडा होता. सकाळी आठला सुरू केलेले काम दुपारी तीनला संपले. मोटर बदलणाऱ्या कारागिराला हाच पडदा नीट लावायला फार तर अर्धा तास लागला असता, ही खंत मनात राहिली.

३ ऑगस्ट, रविवार

आता पाण्याने केलेले नुकसान. तळाच्या डांबरी शीटच्या कडेला तळहाताएवढ्या भागात रंग फुगून खाली गंज धरला होता. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने टोचून पाहिले. पत्रा कोठेही आत गेला नाही, हे नशीब. भोक पडले असते तर वेल्डिंगला गाडी द्यावी लागली असती. तारेच्या ब्रशने चमक येईपर्यंत घासले, रस्ट कन्व्हर्टर लावला आणि हॅलोजन दिवा लावून रात्रभर ठेवला. तांबूस भाग निळसर काळा झाला. पुढच्या दोन दिवसांत इपॉक्सी प्रायमर, रंगाचे दोन हात आणि जोडावर सीम सीलर. या सर्वांचे १,४५० रुपये झाले. गंजाच्या खपल्यांवरूनच काळे अंडरकोटिंग मारून घेण्याची आपल्याकडे पद्धत आहे. तिने गंज झाकला जातो आणि आत वाढत राहतो, म्हणून ते केले नाही.

उंबरठ्याच्या पट्टीखालून मागच्या दाराकडे जाणाऱ्या वायरींची एक जोडणी आहे. तिच्या दोन पिनांवर मोरचुदासारखा हिरवा थर चढला होता. मागची डावी काच मे महिन्यापासून कधी चालायची, कधी नाही, आणि मी त्या मोटरचीही किंमत काढून ठेवली होती. कॉन्टॅक्ट क्लीनरने (२८० रुपये) पिना साफ केल्या, जोडणी तळाच्या पत्र्यापासून चार बोटे वर बांधली आणि काच सुरळीत चालू लागली.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

फेल्ट नवीन घेतले, ७०० रुपये. कार्पेट घालण्यापूर्वी चार दिवस सतत पाऊस होता आणि तळावर ठेवलेल्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या कोरड्या राहिल्या; ही खात्री झाल्यावरच कार्पेट बसवले. सीटच्या बाबतीत या वेळी क्रम पाळला आणि एअरबॅगचा दिवा लागला नाही.

एकूण हिशेब असा. सर्व मिळून ७,९५० रुपये खर्च झाले. त्यांतील काचेच्या सीलचे २,८००, स्कॅनरचे ६००, टेपच्या पहिल्या रोलचे ४२० आणि धुराने वाया गेलेल्या फेल्टच्या जागी घेतलेल्या फेल्टचे ७००, असे ४,५२० रुपये माझ्या चुकांचे आहेत. क्रमाने काम केले असते तर ३,४३० रुपयांत झाले असते, आणि पाणी दिसताक्षणी दाराचे पॅड उघडले असते तर गंजाचे व वायरींचे १,७३० रुपयेही वाचले असते. वेळेचे म्हणाल तर अकरा सुट्ट्या, दीड दिवसाची रजा आणि गाडी वर्कशॉपमध्ये राहिली ते दोन दिवस.

२६ ऑगस्ट, मंगळवार

उद्या चवथ (गणेश चतुर्थी). माटोळीचे, म्हणजे गणपतीच्या वर बांधायच्या फळापानांच्या छताचे, सामान बाजारातून भर पावसात आणले. ओल्या फळांचे घड, आंब्याचे टाळे आणि दोन ओल्या छत्र्या मागच्या सीटवर होत्या. डाव्या सीटवर आई होती. घरी पोहोचल्यावर मॅट उचलून दाबून पाहिले. कोरडे.

२८ सप्टेंबर, रविवार

२२ सप्टेंबरपासून गाडीच्या सुट्या भागांवरील जीएसटी १८ टक्क्यांवर आला, म्हणून उजव्या दाराची बाहेरची रबरपट्टी त्यानंतर घेतली. तो खर्च वरच्या हिशेबात धरलेला नाही. उजव्या दाराचेही पॅड उघडले. तेथील पडदा मूळचाच होता आणि ब्युटाइल आठव्या वर्षीही घट्ट होते. तळाचे एक भोक मात्र अर्धे तुंबले होते. ते साफ केले. मागच्या दोन्ही दारांची भोके काडीने तपासली, ती मोकळी होती.

डाव्या कार्पेटखाली ठेवलेल्या तीन कागदी पट्ट्या सहा आठवड्यांनी बाहेर काढल्या. तिन्ही कोरड्या, कडक आणि पांढऱ्या होत्या. त्यांच्या जागी नव्या ठेवल्या आणि त्यांवर आजची तारीख घातली. वायपरखालची जाळी पुन्हा उघडण्यासाठी फेब्रुवारीचा शेवटचा रविवार वहीत लिहून ठेवला आहे. तोपर्यंत आंब्याचा मोहोर झडलेला असेल.